माशाची जन्मपत्रिका

उज्जैनच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याने जंतरमंतर पाहिले नाही, असे सहसा होत नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेच्या काठी उभारलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली केला आणि तिचे पहिले अधीक्षक म्हणून श्री. गोविंद सदाशिव आपटे यांनी काम पाहिले. फ्रीगंजातून सहलीला गेलेली मुले तेथे सम्राट यंत्रापाशी एक प्रयोग हमखास करतात. यंत्राच्या कडेवर पडलेल्या सावलीवरून वेळ वाचावयाची आणि ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावयाची. दोन्ही वेळा जुळत नाहीत. काही मुले लगेच म्हणतात, ‘यंत्र चुकले!’ परंतु यंत्र चुकलेले नसते. सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखविते व घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखविते. उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे. शिवाय सूर्याच्या गतीमुळे तारखेप्रमाणे त्यात काही मिनिटांची भर किंवा वजाबाकी करावी लागते. हा हिशेब केला म्हणजे सावली आणि घड्याळ यांचे एकमत होते.

या साध्या प्रयोगात एक मोठा धडा आहे. काळाची खूण दिसली म्हणजे काळ कळला असे होत नाही. ती खूण काय मोजते, हे दुसऱ्या एखाद्या खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहिले पाहिजे. हाच धडा समुद्रातील माशांचे वय शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना कसा गिरवावा लागला, त्याची हकीकत आम्ही या लेखात सांगणार आहो. समुद्र आमच्या माळव्यापासून दूर खरा. पण ज्या कुटुंबांचे मूळ कोकणात आहे, त्यांच्या घरी कुपा आणि गेदर ही नावे अपरिचित नसतील. कोकणच्या किनाऱ्यावर ट्यूना कुळातील माशांना ही नावे आहेत. आमच्या हकीकतीचा नायक हा कुपाच होय.

कुपा हा समुद्रातील अथक प्रवासी आहे. त्याचा देह दोन्ही टोकांना निमुळता असतो, शेपटी चंद्रकोरीसारखी असते. तो सतत पोहत राहतो. कारण पोहताना उघड्या तोंडातून कल्ल्यांवर जाणारे पाणीच त्याला प्राणवायू पुरविते. थांबला तर त्याचा श्वास कोंडेल. बहुतेक माशांचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. कुपा मात्र आपल्या स्नायूंची उष्णता राखून ठेवू शकतो. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावरचे लोक पिढ्यानुपिढ्या गळाच्या काठीने एका लहान जातीचा पट्टेरी कुपा पकडीत आले आहेत, आणि तो उकडून, धुरावून व वाळवून ‘मासमीन’ करीत आले आहेत. पिवळ्या पराचा कुपा याहून पुष्कळ मोठा होतो. त्याच्यामागे साऱ्या जगाची जहाजे हिंदी महासागरात फिरतात.

आता प्रश्न असा की, माशाचे वय जाणून घेण्याची एवढी आवश्यकता काय? एखाद्या गृहस्थाने पेढीवर ठेव ठेवली आहे असे समजा. त्याने दरसाल केवळ व्याज काढले, तर ठेव कायम राहते. व्याजापेक्षा अधिक काढू लागला, तर एक दिवस पेढीवर त्याचे काहीच उरत नाही. समुद्रातील माशांचेही तसेच आहे. कळपात दरवर्षी किती नवे मासे येतात, ते किती वर्षांनी अंडी घालू लागतात आणि किती वर्षे जगतात, हे कळल्याशिवाय व्याज किती आणि मुद्दल किती हे ठरविता येत नाही. या तिन्ही प्रश्नांत ‘वर्ष’ हा शब्द आहे. म्हणून मासेमारीच्या शास्त्राचा पाया वय-निश्चितीवर उभा आहे.

लांबीवरून वय का ओळखू नये, असे कोणी विचारील. मासा लहान असताना ते काही अंशी जमते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत ही रीत प्रचारात आणली. पुष्कळ मासे मोजले म्हणजे ठराविक लांबीच्या आसपास त्यांचे घोळके दिसतात. पहिला घोळका एका वर्षाचा, दुसरा दोन वर्षांचा, असे धरता येते. परंतु मासा मोठा होऊ लागला की, ही रीत लंगडी पडते. याचे कारण वाढीच्या स्वभावात आहे. लुडविग फोन बर्टलान्फी यांनी १९३८ साली त्यासाठी जे सूत्र मांडले, त्याचा आशय एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका जातीचा मासा सरासरीने १६० सेंटिमीटरपलीकडे वाढत नाही, आणि दरवर्षी तो उरलेल्या लांबीच्या निम्म्याने वाढतो. मग पहिल्या वर्षाअखेर तो ८० सेंटिमीटर होईल, दुसऱ्या वर्षाअखेर १२०, तिसऱ्या १४०, चौथ्या १५० आणि पाचव्या १५५. पहिल्या दोन वर्षांतील अंतर ४० सेंटिमीटरचे, तर चौथ्या-पाचव्यातील अवघे ५. आठव्या वर्षाअखेर त्याची लांबी १५९ च्या थोडी वर असेल. एकाच वयाच्या दोन माशांत याहून अधिक फरक असू शकतो. तेव्हा पाच वर्षांचा मासा आणि आठ वर्षांचा मासा केवळ फूटपट्टीने वेगळे ओळखणे अशक्य होय. चाळीस वर्षांच्या मनुष्याचे वय त्याच्या उंचीवरून कोणी सांगत नाही, तसेच हे.

म्हणून माशाच्या कठीण अवयवांकडे वळावे लागते. झाडाच्या खोडात जशी वर्तुळे असतात, तशीच वर्तुळे माशाच्या खवल्यांवर, मणक्यांवर आणि कानांतील खड्यांत आढळतात. सूक्ष्मदर्शकाने सृष्टी न्याहाळणाऱ्या हॉलंडच्या लेवेनहुक यांनी सतराव्या शतकातच माशांच्या खवल्यांवरील थरांचा संबंध वयाशी जोडला होता. पुढे १७५९ साली हान्स हेडरस्ट्रॉम या स्वीडिश धर्मोपदेशकाने पाईक नावाच्या माशाच्या मणक्यांवरील वर्तुळे मोजून त्यांचे वय प्रसिद्ध केले. १८९८ साली जर्मनीच्या हॉफबाउअर यांनी कार्प माशांच्या खवल्यांवरून वय काढण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. वय आधीच ठाऊक असलेले तळ्यातील मासे त्यांनी तपासले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याच वर्षी रायबिश यांनी कानांतील खड्यांवरून वय वाचून दाखविले.

ही वर्तुळे पडतात कशी? उबदार ऋतूत अन्न भरपूर मिळते, मासा भराभर वाढतो, आणि खवल्यावरील रेषा विरळ पडतात. थंडीत वाढ मंदावते व रेषा दाट होतात. विरळ आणि दाट असा एक जोड म्हणजे एक वर्ष. एवढेच नव्हे, तर पूर्वी मासा केवढा होता हेही खवला सांगतो. नॉर्वेच्या आयनार लेआ यांनी १९१० साली ही रीत दाखविली. मासा ६० सेंटिमीटर लांब आहे, त्याच्या खवल्याची त्रिज्या ६ मिलिमीटर आहे, आणि पहिले वर्तुळ केंद्रापासून ३ मिलिमीटरवर आहे असे समजा. मासा आणि खवला एकाच प्रमाणात वाढले असतील, तर पहिल्या वर्षाअखेर तो मासा ३० सेंटिमीटर होता, हे त्रैराशिकाने निघते. पाचवीतला विद्यार्थीही हे गणित सोडवील.

या वाचनाचे फळ लवकरच हाती आले. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हेरिंग मासे काही वर्षे अमाप येत आणि काही वर्षे येत नसत. कोळ्यांना याचे कारण उमगत नसे. योहान यॉर्ट यांनी वर्षानुवर्षे खवले वाचले, तेव्हा दिसून आले की, १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगांचाच भरणा पुढील कित्येक वर्षे जाळ्यांत होता. १९१० साली तर पकडीतील निम्म्याहून पुष्कळ अधिक मासे त्या एकाच सालचे होते. समुद्रालाही सुकाळाची आणि दुष्काळाची साले असतात, आणि एका सुकाळी सालावर कोळ्यांचा संसार अनेक वर्षे चालतो, हा मोठा शोध यॉर्ट यांनी १९१४ साली जगापुढे मांडला.

परंतु ही रीत कुप्याला लावू जाता अडचणींचा डोंगर उभा राहतो. पहिली अडचण खवल्यांची. कुप्याच्या अंगावरील बहुतेक खवले अगदी बारीक असतात; केवळ छातीभोवती मोठ्या खवल्यांचे चिलखतासारखे आवरण असते. तेव्हा पाठीवरील पराचा पहिला काटा, मणका आणि कानातील खडा या तिघांची साक्ष घ्यावी लागते.

काट्याचा पातळ आडवा काप घेऊन भिंगाखाली धरला म्हणजे त्यात कडी दिसतात. काटा काढणे सोपे असते व माशाचा भावही पडत नाही, म्हणून ही रीत सोयीची. पण मासा वाढतो तसा काट्याचा गाभा पोखरला जातो, तेथे रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते, आणि बालपणाची पहिली कडी पुसली जातात. साक्षीदार बोलका आहे, पण त्याला बालपण आठवत नाही!

मणक्याच्या दोन्ही बाजूंस वाटीसारखे खोलगट भाग असतात. त्यांच्या आतील बाजूस वर्तुळे उमटलेली असतात. तरुण माशात ती स्पष्ट असतात. वयस्क माशात कडेची वर्तुळे एकमेकांस इतकी चिकटतात की, मोजणाऱ्याच्या हातून काही वर्षे सुटतात. याही साक्षीदाराला उतारवयातील गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

तिसरा साक्षीदार कानातील खडा. त्यास कर्णाश्म म्हणावे. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोक्याच्या कवटीत अंतर्कर्ण असतो. त्यात खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल राखण्यास आणि ऐकण्यास त्या मदत करतात. हे खडे चुनखडीच्याच द्रव्याचे असतात आणि त्यांत थोडे प्रथिन असते. त्यांचा विशेष असा की, मासा जिवंत असेपर्यंत त्यांच्यावर थर चढत राहतात, आणि उपासमारीतही चढलेला थर सहसा झिजत नाही. रोजनिशीचे लिहिलेले पान कोणी फाडीत नाही, असे समजा. मात्र एवढ्या मोठ्या कुप्याचा हा खडा वजनाने एका ग्रॅमहूनही पुष्कळ कमी भरतो. तो न मोडता काढावा लागतो, राळेत बसवावा लागतो, आणि मधोमध पातळ काप घेऊन घासावा लागतो.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. आमच्या उष्ण कटिबंधातील समुद्रात युरोपसारखा कडक हिवाळा नसतो. मग दाट वर्तुळ पडावे कशाने? आपल्या नद्यांतील माशांत वर्तुळे पडतात, हे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले आहे, व्ही. जी. झिंगरन यांनी गंगेतील मृगळ माशाच्या खवल्यांवरून वय आणि वाढ काढून १९५९ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु कुपा आज एका पाण्यात, तर काही महिन्यांनी शेकडो कोसांवरील दुसऱ्या पाण्यात असतो. त्याच्या खड्यातील कडे वर्षातून एकदाच पडते की दोनदा, हे कोणी सांगावे? कडी दुप्पट पडत असतील, तर चार वर्षांचा मासा आठ वर्षांचा ठरेल. वाचकहो, सम्राट यंत्रावरील सावलीची आठवण येथे करावी. सावली दिसते आहे. पण ती कोणती वेळ दाखविते?

१९७१ साली जॉर्जो पॅनेला यांनी एक नवी गोष्ट पुढे आणली. कर्णाश्माचा काप फार सूक्ष्मपणे पाहिला, तर वर्षाच्या दोन कड्यांमध्ये सुमारे साडेतीनशेहून अधिक बारीक रेषा दिसतात. म्हणजे मासा रोज एक थर चढवितो. वर्षांचे पंचांग होते, त्यात तिथीही सापडल्या! तथापि या तिथी तरी खऱ्या कशावरून? ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी युक्ती योजिली. मासा पकडून त्यास टेट्रासायक्लीन हे औषध टोचावयाचे, खुणेची पट्टी लावून पुन्हा समुद्रात सोडावयाचे. हे औषध त्या दिवशीच्या थरात बसते, आणि अतिनील प्रकाशात तो थर पिवळसर चमकतो. पुढे तोच मासा पुन्हा सापडला म्हणजे चमकत्या रेषेपासून कडेपर्यंतच्या रेषा मोजावयाच्या आणि मधल्या दिवसांशी ताडावयाच्या.

पॅसिफिक महासागरात केलेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष वाइल्ड आणि फोरमन यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. पिवळ्या पराच्या कुप्यात रेषा आणि दिवस यांची संख्या जुळली. पण पट्टेरी कुप्यात दिवस अधिक आणि रेषा कमी भरल्या! दोघे एकाच कुळातील. तरी एकाचे पंचांग बरोबर, दुसऱ्याचे अपुरे. एका जातीवर सिद्ध झालेली गोष्ट पडताळा न घेता दुसऱ्या जातीस लावू नये, हा नियम यातून पक्का झाला. आपल्या हिंदी महासागरातही २००५ पासून काही वर्षांत दीड लाखांहून अधिक कुप्यांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडण्यात आले, आणि त्यांपैकी काहींना असेच औषध टोचण्यात आले.

म्हाताऱ्या माशांसाठी ही युक्तीही पुरी पडत नाही. कारण उतारवयात रोजच्या रेषा दिसेनाशा होतात. तेथे एक विलक्षण घड्याळ उपयोगी पडले. १९५० ते १९६५ च्या सुमारास अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बन वाढला आणि तो समुद्रातही उतरला. त्या काळात जन्मलेल्या माशांच्या खड्यांच्या गाभ्यात त्याची नोंद कायमची राहिली. जॉन कॅलिश यांनी १९९३ साली न्यूझीलंडच्या एका माशावर ही रीत यशस्वी करून दाखविली. पुढे तिच्याच साह्याने दक्षिण समुद्रातील निळ्या पराचा कुपा तीस वर्षांहून अधिक जगतो, हे सिद्ध झाले. मनुष्याने संहारासाठी केलेल्या स्फोटांची नोंद एका मुक्या जिवाच्या कानात राहावी आणि त्याच नोंदीने त्या जिवाच्या जातीचे रक्षण करण्यास साह्य व्हावे, हा विचार करण्यासारखा योगायोग आहे.

वय चुकले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात घडले. तेथील ऑरेंज रफी नावाचा मासा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पकडला जाऊ लागला. तो इतर माशांप्रमाणेच लवकर वाढत असेल, या समजुतीने जहाजांनी तो मनमुराद पकडला. पुढे १९९१ साली खड्यांतील किरणोत्सर्गी शिशाच्या मोजणीने आणि नंतर कापांच्या वाचनाने उघड झाले की, तो मासा शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि अंडी घालण्याच्या वयास येण्यास त्याला कित्येक दशके लागतात. ज्याला लोक व्याज समजत होते, ते आजोबा-पणजोबांच्या वेळचे मुद्दल होते. हे समजेपर्यंत कित्येक ठिकाणचे कळप उद्ध्वस्त झाले होते.

आपल्या महासागराचीही काळजी करण्यासारखी स्थिती होती. २०१५ साली झालेल्या आढाव्यात हिंदी महासागरातील पिवळ्या पराच्या कुप्याचा साठा अतिमासेमारीने घटला आहे असा निष्कर्ष निघाला, आणि पुढच्याच वर्षी हिंदी महासागर ट्यूना आयोगाने पकड कमी करण्याचा ठराव केला. भारत या आयोगाचा सभासद आहे. २०२४ च्या आढाव्यात चित्र पूर्वीपेक्षा आशादायक दिसले. अशा प्रत्येक आढाव्यात माशांच्या वाढीचा वेग हे एक प्रमुख पद असते. तेव्हा प्रयोगशाळेत कोणी एका खड्याची कडी मोजतो, त्यावर दूरच्या किनाऱ्यावरील कोळ्याच्या घरची चूल अवलंबून असते, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणूनच तेथे एकच काप दोन वाचक स्वतंत्रपणे वाचतात. मासा किती लांब होता हे त्यांना आधी सांगत नाहीत. लांबी ठाऊक असली की, डोळे हव्या तितक्या रेषा शोधू लागतात!

हे सर्व वाचून ज्यांचे कुतूहल जागे झाले असेल, त्यांनी एक छोटा प्रयोग अवश्य करावा. कुपा आपल्या गावी मिळणार नाही. पण रोहू, कटला, मृगळ हे मासे बाजारात येतात. आपल्या क्षिप्रेचे पाणी चंबळेला मिळून ज्या गांधीसागरात जाते, त्या जलाशयातही हे मासे आहेत. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत, त्यांनाही अडचण नाही. विक्रेता खवले फेकूनच देतो, ते मागितले तर तो नाही म्हणणार नाही. पाठीवरील पराच्या खालच्या बाजूचे दहा-बारा खवले घ्यावेत. कोमट पाण्यात धुऊन, बोटांनी चोळून स्वच्छ करावेत, आणि दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून उजेडाकडे धरावेत. भिंगातून पाहिले म्हणजे केंद्राभोवतीच्या असंख्य सूक्ष्म रेषा दिसतील. त्या म्हणजे वर्षे नव्हेत. जेथे रेषा दाट होतात किंवा तुटून पुन्हा नव्याने सुरू झाल्यासारख्या दिसतात, तेथे वर्षाची खूण असण्याचा संभव असतो. ज्या खवल्याचे केंद्र कोरे आहे, तो बाजूला ठेवावा. जुना खवला गळून त्या जागी आलेला तो नवा खवला असतो, त्याला बालपण माहीत नाही. तळ्यात पाळलेला मासा पुष्कळदा वर्षभरातच विकला जातो. त्याच्या खवल्यावर वर्षाची खूण मुळीच दिसणार नाही. आपण मोजावे, मित्राकडून मोजवून घ्यावे, आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत एकमेकांस सांगू नयेत.

आकडे जुळले नाहीत, तर निराश होण्याचे कारण नाही. ‘आम्हांस येथे खात्री वाटत नाही’ असे वहीत लिहिणे हेही शास्त्रच होय. ऑरेंज रफीच्या बाबतीत एवढी एक ओळ कोणी वेळीच लिहिली असती, तर कदाचित ते कळप वाचले असते.

पुढच्या वेळी आपण जंतरमंतरावर जाल, तेव्हा सम्राट यंत्राच्या कडेपाशी थोडे थांबा. सावलीवरची वेळ वाचा, सुधारणेचा आकडा मिळवा, आणि मगच घड्याळाकडे पाहा. समुद्राच्या तळाशी असो वा क्षिप्रेच्या काठी, काळ आपली खूण ठेवून जातो. ती खूण वाचण्यापूर्वी तिचा पडताळा घेणे, एवढे आपले काम आहे.